भाकरीसोबत काय होतं? यवतमाळच्या ताटाचा दीडशे वर्षांचा इतिहास

‘पूर्वीची माणसं भाकरी खायची, म्हणून त्यांना शुगर नव्हती.’ पथ्याचा विषय निघाला की हे वाक्य रुग्णाकडून किंवा सोबत आलेल्या नातेवाइकाकडून हमखास येतं. लगेच ठरतं की उद्यापासून पोळी बंद, ज्वारी सुरू. तीन महिन्यांनी तपासणीचा कागद हातात आला की मंडळी नाराज होतात, कारण साखर बहुतेक वेळा होती तिथेच असते.

आधी साधा हिशोब पाहू. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात थोड्याफार फरकाने तेवढंच. तंतुमय पदार्थही दोन्हींत जवळजवळ सारखे. म्हणजे भाकरी चांगली आहे, पण ती औषध नाही. दोन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीचं कौतुक फार वाढलंय. ते करायला हरकत नाही, पण त्या गडबडीत खरा प्रश्न बाजूला राहतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात भाकरीसोबत काय होतं, आणि ते गेलं कुठे?

वणी जिल्हा होता तेव्हा

आपला जिल्हा पूर्वी ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जायचा. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. त्या काळात इथल्या काळ्या जमिनीत कापूस होताच, पण घर चालायचं ते ज्वारीवर. ज्वारी जमिनीत खणलेल्या पेवात साठवायची, सालदाराला वर्षाचा मोबदला बहुतांशी ज्वारीतच द्यायचा, कडबा बैलांना घालायचा. माणूस आणि बैल दोघेही एकाच पिकावर जगायचे.

पण शेतात ज्वारी एकटी नसायची. कपाशीच्या आणि ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, बरबटी, तीळ, आणि बांधाच्या कडेने अंबाडी. त्यामुळे घरात एका शेतातूनच धान्य, डाळ, तेल आणि भाजी यायची. मृगाच्या पावसानंतर न पेरता उगवणाऱ्या भाज्या वेगळ्या: तरोट्याची कोवळी पानं, कुंजीर, केना, पाथरी, काटेमाठ. निंदणाला गेलेल्या बाया संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊनच घरी यायच्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण, स्वयंपाकघराच्या दृष्टीने आजची भाजी. घरामागच्या सांदवाडीत शेवगा, हेटी, वाल, कोहळं, दोडके, वांगी, मिरची, सांभार. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले आणि वांगं, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कच्चा घोळाणा.

अंबाडीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. अंबाडी मुळात भाजीसाठी नव्हे, दोरासाठी लावली जायची. तिच्या सालीपासून वाख काढून दावी, कासरे, चऱ्हाटं वळायची. कोवळ्या पानांची भाजी हा वरचा फायदा. ही आंबट भाजी तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी. आता यातलं शरीरशास्त्र पाहा. ज्वारीत आणि डाळीत लोह असतं, पण त्याच धान्यांतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. सोबत आंबट काही असलं की शोषण सुधारतं. रात्रभर आंबवलेल्या आंबिलीतही फायटेट कमी होतं. हे कुणी प्रयोगशाळेत पाहून ठरवलेलं नव्हतं, पण भांड्यात ते घडत होतं. पुढे नायलॉनचा दोर आला, अंबाडीचा वाख वळायची गरज संपली, आणि माझ्या मते भाजीही त्याच दोरासोबत शेतातून गेली. आज ती आठवडी बाजारात जुडीने विकत घ्यावी लागते.

दुसरं नाव जवसाचं. जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीजन्य ओमेगा-३ चा. आपल्याकडे हे तेल घाण्यावर काढून रोजच्या खाण्यात होतं, आणि जवसाची चटणी तर भाकरीची सोबतीणच. पण जवसाचं तेल हवेत सुकतं, म्हणून रंग आणि वॉर्निश बनवणाऱ्या कारखान्यांना ते हवं असायचं. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातून जवस मोठ्या प्रमाणावर युरोपात जाऊ लागला. आपली चटणी तिकडच्या दारं-खिडक्यांना लागली म्हणायची.

लढाई अमेरिकेत, भाव वऱ्हाडात

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, पण पेरा मागे हटला नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांची गाडी आली, जिला आपण पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागलो. ही गाडी माणसांसाठी कमी आणि कापसाच्या गाठींसाठी जास्त होती.

रेल्वेने कापूस बाहेर गेला तसं धान्यही बाहेर जाऊ लागलं. पेवात दोन-तीन वर्षांची ज्वारी ठेवण्याऐवजी विकून पैसे करणं सोयीचं वाटू लागलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. कापसाचा श्रीमंत मुलूख म्हणून ज्याची ख्याती होती, त्या वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ आणि १९०१ च्या जनगणनांमध्ये वाढण्याऐवजी घटलेली दिसते. दुष्काळात नुसत्या भुकेने माणसं मरत नाहीत. अर्धपोटी शरीराला पटकी, हगवण आणि हिवताप गाठतात. आजही कुपोषित मूल बहुधा जुलाब किंवा न्यूमोनियाने दगावतं, तेच तेव्हा गावोगाव झालं.

उंदीर, सैनिक आणि पेलाग्रा

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यासाठी दोन संशोधकांची गोष्ट सांगतो.

पहिले रॉबर्ट मॅककॅरिसन. हे इंग्रजी सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर १९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचा रोजचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी, असा निकालाचा उतरता क्रम लागला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, पॉलिश केलेल्या तांदळावरचे सर्वांत कमकुवत. मराठा आहार तिसरा. पहिल्या आलेल्या ताटात काय होतं? अख्ख्या गव्हाच्या चपात्या, मोड आलेली कडधान्यं, कच्च्या भाज्या, दूध, लोणी, आणि आठवड्यातून एकदा हाडासकट थोडंसं मांस. इतकंच. मांस रोज नव्हतं, ढीगभर नव्हतं, पण होतं.

दुसरे डॉ. सी. गोपालन. कुन्नूरचीच ती प्रयोगशाळा १९५० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला हलली. आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे त्यांच्यासमोर तेलंगणातले ज्वारी खाणारे गरीब शेतमजूर येऊ लागले. मानेवर, हातापायांवर उन्हाने जळल्यासारखे काळे चट्टे, जुलाब, आणि बऱ्याच जणांत उदासी किंवा भ्रम. हा पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. तोवर तो मका खाणाऱ्यांचा मानला जायचा. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी त्याचा संबंध असावा, असं गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं. ल्युसिनच्या भूमिकेवर पुढे वाद झाले, पण जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या माणसाला पेलाग्रा होतो, हे निरीक्षण कायम राहिलं. आपल्या केळापूर, झरी जामणीपासून तेलंगणाची हद्द लागूनच आहे. पैनगंगेच्या अलीकडची भाकरी पलीकडच्या भाकरीहून वेगळी नव्हती.

पेलाग्रा बरा व्हायला भाकरी सोडावी लागत नव्हती. तिच्यासोबत डाळ, दूध, शेंगदाणे किंवा मांस आलं की पुरे. ज्याच्या घरी ते होतं, तो तीच भाकरी खाऊन ठणठणीत. ज्याच्या घरी फक्त भाकरी, तिखट आणि मीठ, त्याचं अंग काळं पडायचं.

वाट्याचं मटण

मांसाचा इतिहास लिहिताना आपण थोडे कचरतो, पण तो सोडला तर निम्मं ताट झाकलेलं राहतं.

गावात मटण विकत मिळायचं ते ‘वाट्याने’. चार-आठ घरांनी मिळून बोकड कापायचा आणि वाटे घालायचे. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडा खांदा, थोडी चाप, कलेजीचा तुकडा, वजडी, हाडं, चरबी. निवडून घ्यायची सोय नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आखाडात, पाहुणा आला तर. महिन्यातून दोनदा म्हणजे पुष्कळ. एक किलोत दहा माणसं जेवायची, म्हणून रस्सा लांबवायचा, त्यात कांदा-खोबरं भाजून वाटलेला काळा मसाला पडायचा. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतलं सावजी मटण याच जातकुळीतलं. खाणावळीतली बोटभर लाल तर्री ही नंतरची करामत; घरच्या रश्शात एवढं तेल ओतायची ऐपतच नव्हती.

थोडक्या मटणाचा फायदा थोडका नसतो. मांसातलं लोह सहज शोषलं जातं, शिवाय सोबतच्या भाकरी-डाळीतल्या लोहाचं शोषणही ते वाढवतं. जीवनसत्त्व बी-१२ तर वनस्पतीत नसतंच. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. वाट्यात कलेजी असायची, आणि कलेजीत लोह, बी-१२, फोलेट आणि जीवनसत्त्व ए यांचा साठा असतो. पण ताटं कोणत्या क्रमाने वाढली जायची तेही आठवा. आधी पुरुष, मग पोरं, शेवटी बाया. शेवटच्या ताटात बहुधा रस्साच उरायचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक त्या क्रमात बसलेलं आहे आणि तो क्रम अजून सगळीकडे बदललेला नाही.

वाटा सगळ्यांना सारखा नव्हता. गावकुसाबाहेरच्या समाजांच्या वाट्याला मेलेल्या जनावराचं मांस यायचं, तेही काम म्हणून उचलल्यावर. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचं आवाहन केलं. प्रश्न आरोग्याचाही होता, पण त्याआधी माणूसपणाचा होता. त्या समाजांच्या स्वयंपाकाची बारीकसारीक माहिती शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्याच्या संदर्भात नोंदवली आहे. ज्यांना ‘पारंपरिक आहार’ या शब्दाचं प्रेम आहे त्यांनी ती जरूर वाचावी. कोलाम आणि गोंड वस्त्यांचं ताट पुन्हा वेगळं: मोहफुलं, चारोळी, वास्ते, ओढ्याचे मासे-खेकडे, शिकार. जंगल कायद्यांनी आधी जंगल मर्यादित केलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. प्राण्यांसाठी ते गरजेचं होतं, पण त्या ताटातून गेलेल्या प्रथिनांच्या जागी दुसरं काही फारसं आलं नाही.

हायब्रीड, मिलो, रेशन, सोयाबीन

पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. देश परदेशी धान्यावर अवलंबून असतानाचा तो काळ. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि नाईकांनी ती हिरिरीने शेतापर्यंत नेली. उत्पादन वाढलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र ही ज्वारी लवकर तयार व्हायची, परतीच्या पावसात सापडायची आणि दाणा बुरशीने काळा पडायचा. भाकरी गोड लागेना. ‘हायब्रीड पोरं’ हा शब्द लोकांनी तेव्हाच काढला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो रेशनवर आली, कामावर सुकडी मिळाली. चव कशीही असो, १९०० सारखं घडलं नाही, हे विसरू नये.

पुढची गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोरची आहे. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त, मग फुकट. ज्वारी मात्र पाखरं खातात, रानडुकरं लोळवतात, कापायला मजूर नाही. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं, २००२ नंतर बीटी कपाशी. दोन्ही पिकं घेताना मधली तूर, बरबटी, अंबाडी यांची ओळ कमी होत गेली. त्याच सुमारास बाहेरचं पामतेल स्वस्त झालं आणि जवस-करडई-तिळाच्या घाण्या बंद पडत गेल्या.

सोयाबीनची गंमत पाहा. प्रथिनांचं एवढं मोठं पीक जिल्हाभर उभं असतं आणि आपण ते जवळजवळ खात नाही. तेल निघून रिफाइंड डब्यात येतं. उरलेली पेंड कोंबडीखाद्यात जाते आणि ब्रॉयलर होऊन बाजारात येते. म्हणजे आज आपल्या शेतातलं पीक ताटात येतं ते तळणीचं तेल आणि कोंबडी या दोन रूपांत. ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात, अशी समजूत आहे. तिची वाढ निवडक जात आणि खाद्य यांमुळे होते, हार्मोनची गरज पडत नाही. अँटिबायोटिकचा अनावश्यक वापर ही काळजी मात्र खरी आहे. कोंबडी वाईट नाही. दर दोन दिवसांनी तळलेली कोंबडी आणि सोबत एकही पालेभाजी नाही, ही सवय वाईट.

आता चुलीवर काय ठेवावं

भाकरी की पोळी हा वाद मी आता घालत नाही. जे परवडतं, जमतं ते खा, पण ताटातला तिचा भाग पाव ते तृतीयांश ठेवा. उरलेल्या जागी अर्धं ताट भाजी आणि बाकी डाळ, उसळ, अंडं, मासा किंवा मटण.

जवस अख्खा गिळला तर पचत नाही, तसाच बाहेर पडतो. मंद भाजून, वाटून चटणी करा, दिवसाला दोन चहाचे चमचे पुरेत. थोडी-थोडी करा, कारण वाटलेला जवस लवकर खवट होतो. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोहाचं शोषण अडतं, तासभर थांबा.

मटण घेताना आता निवडायची सोय आहे, तर ती वापरा. मांडी आणि खांदा यांत चरबी कमी; चाप आणि सीना चविष्ट, पण चरबीदार. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असला तरी मटण कायमचं बंद करायची गरज बहुतेकांना नसते. आठवड्यातून एकदा, कच्च्या वजनाने माणशी ७५ ते १०० ग्रॅम, दिसणारी चरबी काढून. रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेला थर चमच्याने काढून टाका आणि मग फोडणी द्या. चवीत फारसा फरक पडत नाही. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर कलेजी, गुर्दा, भेजा टाळा. गरोदरपणात कलेजी रोज किंवा भरपूर खाऊ नये, त्यातलं जीवनसत्त्व ए जास्त झालं तर गर्भाला धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे आणि तिथे रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं.

आणि रानभाजी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या शेतात ती औषधं आणि तणनाशकं पडतात, त्याच शेतात तरोटा, कुंजीर आणि केना उगवतो. जुन्या बायांच्या ओच्यातली भाजी आज बांधावरून डोळे झाकून खुडता येत नाही. फवारलेल्या कपाशी-सोयाबीनच्या धुऱ्यावरची, रस्त्याच्या आणि नालीच्या कडेची भाजी घेऊ नका. धुऊन सगळं विष निघत नाही. घरामागे दोन खाटांएवढी जागा असली तरी पुष्कळ. तिथे अंबाडी, चवळी, माठ आणि घोळ सहज होतात, एक शेवगा लावला की पाला वर्षभर. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ आणि माठ बेताने खावा. अंबाडीचं बी मृगाच्या आधी आणून ठेवलेलं बरं. पाऊस सुरू झाल्यावर आमच्या बाजारात ते शोधावं लागतं.